दोन बोटं माया

४ जानेवारी

आत्या,

तुला फोनवर ऐकू येत नाही, नाहीतर आज तुझ्या कानाशी नुसती ओरडले असते. कारखान्याच्या भोंग्यानं तुझे कान नेले आणि माझ्या हातात पेन आलं.

सोमवारी गुंडीला दवाखान्यात नेलं होतं. सव्वादोन वर्षांची पोर आणि वजन सोळा किलो आठशे! डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावरून उतरवलं, पुन्हा चढवलं. काटा कसला ऐकतोय. मग त्यांनी तक्त्यावर एक टिंब काढलं, ते सगळ्या रेघांच्या डोक्यावर. म्हणाल्या, "वजन उतरवायचं नाही, वाढतं वय आहे. आहे तिथं थोपवा फक्त. उंची वाढली की ती वजनाला गाठेल. सहा एप्रिलला घेऊन या." मी विचारलं, नाहीच थोपलं तर? तर रक्त तपासायचं, मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, गुडघ्यांचं बघायचं. जिना चढताना ती धापा टाकते हे मी सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारल्यावर कबूल केलं.

मी दिवसाला सहा गणवेश शिवते. कुणाचंही पोर दारात उभं राहिलं की टेप न लावता त्याचं माप सांगते. आणि माझ्याच पोरीचं माप मला दवाखान्यानं सांगावं? तिचा निळा फ्रॉक तीनदा उसवला. शिवणीत आत जे जास्तीचं कापड सोडतो त्याला आम्ही शिंपी 'माया' म्हणतो, यावर तू नेहमी हसतेस ना? दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया होती, ती सगळी संपली. पाठीची गुंडी लागत नाही, आणि पोरीचं नाव गुंडी!

तुला आठवतंय, ती जन्मली तेव्हा एक किलो नऊशे होती. तळहातावर मावायची. दोन चमचे दूध पोटात गेलं की आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. अजूनही वाजवतो. वाटी रिकामी झाली की "संपलं!" म्हणून ती वाटी डोक्यावर उलटी धरते आणि आमच्याकडं बघते. लगेच दुसरी वाटी मागते. बाबा म्हणतात, "खाते तर खाऊ दे की, घरात काय तोटा आहे?" गुंडीचे वडील, आमचे ड्रायव्हरसाहेब, सकाळीच बस घेऊन जातात, त्यांचं मत जेवणाच्या टेबलापुरतंच.

तू कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज चारशे माणसं जेवू घातलीस. मला एका पोरीचं सांग.

ता. क. नवा फ्रॉक बेतलाय, पिवळा. बाजूंना दोन बोटं माया, खालच्या दुमडीत चार. तुलाही गरम कोट शिवायचा आहे. या वेळी तरी माप पाठव.

तुझी भाची


११ जानेवारी

पोरी,

आधी पाणी पी. मग वाच.

गुबगुबीत पोर म्हणजे काय आकाश कोसळलं? असं लिहिणार होते, पण जिन्याचं वाचलं आणि पेन थांबलं. दोन वर्षांच्या पोरीनं धापा टाकायच्या नसतात, तिनं आपल्याला टाकायला लावायच्या असतात. तेव्हा डॉक्टरीणबाईंचं ऐकायचं. त्या शिकलेल्या आहेत, आपण नुसत्या शिजवलेल्या.

आता मी विचारते त्याची सरळ उत्तरं दे. तिला ताटात वाढतं कोण? कशानं वाढतं? किती वाढतं? दोन जेवणांच्या मध्ये काय जातं पोटात? आणि तुझ्या बापाचे खिसे तपास. तो माझा धाकटा भाऊ आहे, सत्तरीला आलाय, तरी त्याच्या खिशांचा मला काडीचा भरवसा नाही. मी असं लिहिलंय म्हणून सांगू नकोस.

माप पाठवणार नाही. कॅन्टीनचे ढगळ कोट घालून माझं आयुष्य गेलं, उरलेलंही जाईल. पुन्हा विचारलंस तर पत्रच लिहिणार नाही.

आत्या


१७ जानेवारी

आत्या,

खिसे तपासले. डाव्या खिशात सात बिस्किटं, उजव्यात अर्धं केळं, तेही रुमालात गुंडाळलेलं. मी म्हटलं, "बाबा, हे काय?" तर म्हणतात, "मला लागतं मधूनमधून." खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात, तसे झालेच. तेवढ्यात गुंडी आली आणि सराईतासारखा त्यांच्या खिशात हात घातला! मी नको ते बोलले. "तुमच्या लाडानं माझी पोर आजारी पडेल," असं तोंडावर बोलले. ते गॅलरीत जाऊन बसले. कपाटाला मी आता कुलूप लावलंय, किल्ली गळ्यात.

बाकीची उत्तरं. वाढते मी. किती, तर तीन डाव भात-भाजी. म्हणजे काही फार नाही, तीनच. आणि कशानं म्हणशील, तर तुझ्याच डावानं! ती जन्मली तेव्हा तू नाही का पाठवलास, लांब दांड्याचा? सोबत चिठ्ठी होती, "एक डाव भरून वाढत जा, बघ कसं अंग धरते." वर्षाची झाली आणि आमच्यासारखं जेवायला लागली, तेव्हापासून मी नेमानं त्याच डावानं वाढते. तुझा हात लागलेली वस्तू, म्हणून दुसरा वापरला नाही. एकाचे दोन झाले, दोनाचे तीन.

तुझी भाची


२२ जानेवारी

अगं बाई!

तुझं पत्र वाचून मी स्टुलावर बसले ती उठलेच नाही. अगं वेडे, तो डाव ओतकाम विभागातल्या माणसांचा! वितळलेलं लोखंड ओतणारी माणसं ती, आठ तास आगीपुढं उभी. त्यांच्या एका जेवणाला दोन डाव वाढायचे, आणि तू बोटाएवढ्या पोरीला तीन वाढतेस? मी निवृत्त झाले तेव्हा आठवण म्हणून तो मला दिला होता. मी तुला पाठवला तो भिंतीवर लावायला! आणि "डाव भरून" हे मी आपलं मायेनं लिहिलं होतं. माझाच डाव माझ्यावर उलटला.

पोरी, दोष माझा आहे. मी हसतेय खरी, पण मला फार वाईट वाटतंय. मला त्या चिठ्ठीत धड लिहिता आलं नाही.

आता ऐक. डाव भिंतीवर. वाढायला साधा चमचा घे आणि ताटली लहान घे. टाळ्या बंद. निदान जेवणाच्या टाळ्या बंद, जिना चढली की वाजवा. त्या पोरीला निम्मी भूक पोटाची आहे आणि निम्मी टाळ्यांची. नुसतं पाणी प्यायली तरी तुम्ही वाजवल्या असत्यात तर ती विहीर प्यायली असती.

आणि 'नाही' म्हणायचं नाही. माझ्या कॅन्टीनमध्ये 'नाही' हा शब्दच नव्हता. तिथं रीत होती. पहिल्यांदा सगळ्यांना सारखं वाढायचं. आणखी हवं असेल त्यानं ताट घेऊन रांगेच्या शेवटी उभं राहायचं. नंबर आला की वाढायचं, तोंड वाकडं न करता. चारशेतले निम्मे रांगेतूनच निघून जायचे. पोट भरलंय हे पोटालाच जरा उशिरा कळतं, गं. तेवढा वेळ त्याला द्यायचा. तुमच्या घरी रांग लावा.

तुझ्या बापाला बोलू नकोस. खिसे तपासायला मीच सांगितलं, ते चुकलं माझं. का, ते विचारू नकोस.

आत्या


९ फेब्रुवारी

आत्या,

पत्राला उशीर झाला. लिहायला तोंड नव्हतं.

रांगेची सुरुवात झकास झाली. सगळ्यात पुढं ड्रायव्हरसाहेब, मागं स्टुलावर बाहुली, मग कापसाचं अस्वल, आणि शेवटी गुंडी, ताटली छातीशी धरून. हे दिवसभर बसच्या रांगा बघतात, म्हणून ओरडले, "पुढं सरका, पुढं सरका!" तर ती अस्वलाला ढकलायला लागली. चार दिवस मजा होती. पण प्रत्येक वेळी तिचा नंबर यायचा आणि तिला हवंच असायचं. माझ्या डोळ्यापुढं सहा एप्रिल. मग मी लबाडी केली. नंबर आला की म्हणायचे, "संपलं बाळा, भांडं रिकामं." आणि भांडं मी शिवणाच्या खोलीत लपवायचे, गणवेशांच्या ढिगामागं.

तिनं ते शोधलं. परवा मी आत गेले तर ती ढिगात बसलेली, दोन्ही हातांनी भात खात होती. बत्तीस पांढऱ्या शर्टांवर भात. शर्टांचं काही नाही, धुतले. पण मला बघून ती हसली नाही, आत्या. दचकली. हात पाठीमागं लपवले, तोंडात होतं ते गिळून टाकलं आणि म्हणाली, "संपलं." माझाच शब्द मला ऐकवला. माझी पोर मला घाबरली. वजनाचं राहू दे एक वेळ, हे मी काय करून बसले?

बाबा टेबलावर जेवायला येत नाहीत. ताट गॅलरीत मागतात. माझ्याशी "हो" आणि "नाही" एवढंच. मी दोन्हीकडून गेले.

तुझी भाची


१४ फेब्रुवारी

पोरी,

रडणं झालं असेल तर नीट बस. जे सांगणार नव्हते ते सांगते.

ती पोर मीच आहे.

मी पाच वर्षांची असताना अशीच गोलमटोल होते. आमच्या आईला त्याची लाज वाटायची. वाईट नव्हती ती, पण लोकांच्या हसण्याला भ्यायची. माझ्या ताटात सगळ्यांच्या निम्मं पडायचं. कपाटाला कुलूप, किल्ली तिच्या गळ्यात. आणि माझे फ्रॉक ती मुद्दाम अंगाला चिकटून शिवायची. शेजारीण म्हणाली, "अहो, जरा माया सोडा की शिवणीत." तर आई म्हणाली, "हिला माया ठेवली की ही भरून काढते. मायाच ठेवायची नाही." शिवणीबद्दलच बोलत होती ती. पण मी पाच वर्षांची, मला काय कळणार? मला वाटलं, आई माझ्यावर माया करणार नाही म्हणाली.

मग मी लपून खायला शिकले. कच्चा बटाटासुद्धा खाल्लाय. आणि चार वर्षांचा तुझा बाप, आम्ही त्याला बारक्या म्हणायचो, तो स्वतःच्या ताटातलं चड्डीच्या खिशात भरून मला आणून द्यायचा. कागद नाही, काही नाही, नुसता भात खिशात! त्याबद्दल मार खाल्ला, पण नाव नाही सांगितलं. त्या खिशांतून त्यानं मला जीव लावला. आता नातीला लावतोय. त्याला दुसरी रीत येतच नाही, गं.

चारशे माणसांना रोज पोटभर वाढणारी मी का झाले, ते आता तुला कळलं असेल. आणि माप का देत नाही, तेही.

आता काय करायचं ते लिही मनावर. कुलूप काढ, आज. रांग खरी असू दे. नंबर आला आणि पोरीनं ताटली पुढं केली की वाढायचंच, एक चमचा का होईना. ज्या रांगेत शेवटी मिळतं तिथंच माणूस निवांत उभं राहतं. मिळणार नाही असं वाटलं की धक्काबुक्की सुरू होते, हे मी चाळीस वर्षं पाहिलंय. तिला चार दिवस जास्त जाईल. जाऊ दे. विश्वास परत आला की भूक आपोआप मापात येईल.

आणि बारक्याचे खिसे रिकामे करू नकोस. त्यात दुसरं काही भर. तुझ्याकडं दोऱ्याची रिकामी रिळं असतील ना? मोठाली, तोंडात न जाणारी?

हे पत्र त्याला वाचून दाखव. त्याचं देणं मी कधी बोलून दाखवलं नाही.

आत्या


१२ मार्च

आत्या,

कुठून सुरू करू? पोतंभर सांगायचंय.

तुझं पत्र बाबांना गॅलरीत वाचून दाखवलं. "नुसता भात खिशात" इथं आल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसले. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "ताईला तेव्हा बटाट्याची भाजी आवडायची. ती खिशात नेता यायची नाही, रस्सा गळायचा." मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "बाबा, माझं चुकलं." तर म्हणतात, "चल, भूक लागलीय, टेबलावर वाढ." माझा जीव भांड्यात पडला.

कुलूप काढलं, किल्ली फेकून दिली. पहिले पाच दिवस पोरीनं माझी परीक्षाच घेतली. रोज तीनदा रांगेत. रोज तीनदा मी वाढलं, हसून, आणि मनातल्या मनात चमचे मोजत. सहाव्या दिवशी दोनदा. आणि दहाव्या दिवशी काय झालं माहितीय? बाबा पुढं, मग अस्वल, मग ती. बाबांनी मुद्दाम हळू घेतलं, मीठ आहे का, पाणी आहे का, करत बसले. तेवढ्यात खाली कुत्रं भुंकलं. गुंडीनं ताटली अस्वलाच्या मांडीवर ठेवली, म्हणाली, "पुले!" आणि गेली खिडकीशी. आत्या, 'पुरे' हा शब्द या घरात ती पहिल्यांदा बोलली. माझे हात टाळीसाठी वर गेले होते, मीच ते पाठीमागं धरले. ड्रायव्हरसाहेबांनी तोंड फिरवून डोळे पुसले, आणि वर म्हणतात धूळ गेली.

खिशांचं तर विचारूच नकोस. बाबा दोन्ही खिसे रिळांनी फुगवून फिरतात. ती खिशात हात घालते, रीळ काढते, उताराच्या गल्लीत सोडून देते आणि मागं धावत सुटते. रीळ खाली, पोर खाली, बाबा खाली. मग सगळे वर. दिवसाला वीस खेपा! शेजारची पोरंही लागलीत मागं. बाबांच्याच पँटचा पट्टा दोन भोकं आत गेलाय.

वजन केलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी घरी काटा आणू नका म्हणून सांगितलंय. त्यामुळं सहा एप्रिलची धास्ती आहेच. जिना मात्र परवा ती एका दमात चढली, आणि वर जाऊन तिनं स्वतःच टाळ्या वाजवल्या.

तुझ्या आईच्या त्या शिवणीचं वाचून मी मशीन बंद केलं होतं. पुन्हा सुरू केलं तेव्हा पहिला शर्ट होता तो एका जाडजूड पोराचा. त्याला तीन बोटं सोडली.

तुझी भाची


६ एप्रिल

आत्या! आत्या! आत्या!

दवाखान्यातून आले, चप्पलही काढली नाही.

सोळा किलो नऊशे! तीन महिन्यांत फक्त शंभर ग्रॅम! आणि उंची तीन सेंटिमीटर वाढली! डॉक्टरीणबाईंनी नवीन टिंब काढलं आणि जुन्या टिंबापासून रेघ ओढली, ती आडवी, सरळसोट. म्हणाल्या, "रेघ अशीच राहू दे, वर्षभरात ही घोळक्यात येऊन मिळेल. रक्त-बिक्त काही नाही. काय केलंत?" मी म्हटलं, "रांग लावली." त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

पण खरी गंमत पुढंच. बाहेर बाकावर आठ-दहा पोरं वजनासाठी ताटकळत बसलेली. आमची बाई काट्यावरून उतरली, ऐटीत चालत गेली आणि सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभी राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगं, ही कुठं चालली?" मी म्हटलं, "तिला आणखी एकदा हवंय." आत्या, कुणी तिला हलवेना! पाऊण तास थांबली. कुणाला ढकललं नाही, हट्ट नाही, रडणं नाही. नंबर येणारच, अशी खात्री होती तिला. आणि आला. डॉक्टरीणबाईंनी तिला मानानं पुन्हा काट्यावर चढवलं. सोळा नऊशे. "पुले!" म्हणून ती उतरली आणि अख्ख्या दवाखान्यानं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी थांबवल्या नाहीत. मीही वाजवल्या.

बाबा दोन्ही खिशांवर हात ठेवून उभे होते. रडत होते, आणि लपवतही नव्हते.

घरी येऊन पिवळा फ्रॉक घातला. खालून आखूड! दुमडीतली चारही बोटं आज सोडली. बाजूंची दोन बोटं माया मात्र जशीच्या तशी शिल्लक आहे. असू दे. ती ठेवायचीच असते.

तुझी भाची


१२ एप्रिल

पोरी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, मग शेजारच्या मास्तरीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. मला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडूनच वाचते, त्यामुळं सगळ्या मजल्याला कळलं. गुंडीला माझ्याकडून एक पापा, अस्वलालाही. बारक्याला सांग, बटाट्याची भाजी मला अजून आवडते. त्यानं यावं आणि या वेळी भांड्यातून आणावी.

आणि तो डाव पोरीच्या हाती दे. रविवारी तिला वाढायला उभं कर, अर्धं सांडेल, सांडू दे. वाढणाऱ्याला रांग पलीकडून दिसते. मला ते फार उपयोगी पडलं.

आता हसायचं नाही. मास्तरीणबाईंकडून टेपनं माप काढून घेतलं. छाती एकशे अठरा सेंटिमीटर, कंबर एकशे बारा, बाही अठ्ठावन्न, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पंच्याण्णव. त्यांनी प्रत्येक आकडा माझ्या कानाशी ओरडून सांगितला आणि मी मान वर करून ऐकला. पासष्ट वर्षांत हे माप मी कुणाला दिलेलं नाही.

कोट निळा शिव. आणि माया सोड. दोन बोटं, दोन्ही बाजूंना.

आत्या